'ओके' या शब्दाच्या जन्मनोंदीचा शोध

शनिवार, २३ मार्च १८३९ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरातून निघणाऱ्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर एक लहानसे, थट्टेखोर स्फुट छापून आले. चार्ल्स गॉर्डन ग्रीन हे या पत्राचे संपादक होते. प्रॉव्हिडन्स येथील 'जर्नल' या पत्राच्या संपादकाने त्यांची खोडी काढली होती आणि हे स्फुट हे त्या खोडीचे उत्तर होते. बॉस्टनमधील 'घंटावादनविरोधी मंडळ' नावाच्या एका विनोदी टोळक्याचे प्रतिनिधी न्यूयॉर्ककडे निघाले होते. जेवणाच्या घंटेवर नगरपालिकेने घातलेल्या निर्बंधावरून हे मंडळ गंमत म्हणून उभे राहिले होते. प्रतिनिधी प्रॉव्हिडन्समार्गे जातील असे 'जर्नल'ने गृहीत धरले, त्यावर ग्रीन यांनी खुलासा केला की आम्ही तसे कधीच म्हटले नव्हते, आमची मंडळी 'रिचमंड' बोटीने गेली. परतताना मात्र मंडळाचा एखादा पदाधिकारी तुमच्या गावावरून आलाच, तर सगळी सरबराई 'ओ. के. — ऑल करेक्ट' असेल आणि बाटल्यांची बुचे ठिणग्यांसारखी वर उडतील, अशी पुस्ती त्यांनी जोडली.

जगातील बहुतेक भाषांत शिरलेल्या 'ओके' या शब्दाचा हा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना छापील पुरावा आहे. विशेष म्हणजे, घंटा वाजवण्यावरून चाललेल्या स्थानिक चेष्टेत अडकलेले हे वाक्य शोधून काढायला सव्वाशे वर्षे लागली. या काळात शब्दाच्या उगमाबद्दल डझनावारी कथा रूढ झाल्या, त्यांतील काही कोशांत शिरल्या, आणि एका कथेवर तर खुद्द राष्ट्राध्यक्षाने विश्वास ठेवला. शब्दाची व्युत्पत्ती कशी ठरते आणि कशी ठरत नाही, हे पाहण्यासाठी याहून उद्बोधक प्रकरण इंग्रजीत क्वचितच सापडेल.

प्रथम त्या वाक्यातूनच काय हाती लागते ते पाहू. 'ओ. के.' या अक्षरांनंतर संपादकाने आडवी रेघ देऊन 'ऑल करेक्ट' असा उलगडा केला आहे, म्हणजे हे संक्षिप्त रूप सर्व वाचकांना कळेलच अशी त्याला खात्री नव्हती. दुसरीकडे, त्याने त्यावर अधिक भाष्य केलेले नाही, त्यामुळे अशा प्रकारची थट्टा वाचकांच्या अंगवळणी पडलेली असावी. अडचण स्पेलिंगची आहे. इंग्रजीत 'ऑल' हा शब्द 'ए' अक्षराने सुरू होतो आणि 'करेक्ट' हा 'सी' अक्षराने. आद्याक्षरे घ्यायची तर 'ए. सी.' व्हायला हवे होते. 'सर्व बरोबर' असे सांगणाऱ्या संक्षेपातील दोन्ही अक्षरे चूक आहेत, आणि विनोद नेमका तेथेच आहे.

या विनोदाची पार्श्वभूमी समजल्याशिवाय पुराव्याला वजन येत नाही. १८३८ च्या उन्हाळ्यापासून बॉस्टनच्या वृत्तपत्रांत आद्याक्षरांची साथ आली होती. 'नो गो', म्हणजे जमायचे नाही, याला 'एन. जी.', 'स्मॉल पोटेटोज', म्हणजे किरकोळ माणूस किंवा बाब, याला 'एस. पी.', शहरातील प्रतिष्ठितांसाठी 'अवर फर्स्ट मेन' याचे 'ओ. एफ. एम.'. 'जी. टी.' म्हणजे 'गॉन टु टेक्सस'. टेक्सस त्या वेळी अमेरिकेबाहेरचे स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि देणी बुडवून पळणाऱ्यांचे ते ठरलेले ठिकाण होते. या खेळाची पुढची पायरी म्हणजे मूळ शब्द आधी मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि मग त्या अशुद्ध रूपाची आद्याक्षरे घ्यायची. अर्धशिक्षित खेडुताच्या तोंडी आणि लेखणीत चुकीचे स्पेलिंग घालून हशा पिकवणारे लेखन तेव्हा अमेरिकेत लोकप्रिय होते, त्याचाच हा शहरी, चटपटीत अवतार. 'ऑल राइट' याचे 'ए. आर.' न होता 'ओ. डब्ल्यू.' झाले, आणि 'नो यूज' याचे 'के. वाय.' झाले, कारण 'नो' हा शब्द 'के'ने सुरू होणाऱ्या, 'जाणणे' अर्थाच्या 'नो'सारखा लिहिला गेला. 'ओ. के.' हे या घराण्यातील एक भावंड होते. आज 'ओ. डब्ल्यू.' आणि 'के. वाय.' कोणाला ठाऊक नाहीत, आणि 'ओ. के.'चीही तीच गत व्हायची शक्यता अधिक होती.

पहिल्याच वर्षात मात्र त्याने थट्टेच्या बाहेर पाऊल टाकलेले दिसते. ऑक्टोबर १८३९ मध्ये फिलाडेल्फियाच्या बँकांनी नाण्यांत रक्कम देणे थांबवले. त्यावर बॉस्टनच्या 'इव्हनिंग ट्रान्सक्रिप्ट'ने लिहिले की आमच्या बँकांच्या संचालकांना या विषयावर सभा बोलावण्याचीही गरज वाटलेली नाही, आमच्याकडे 'ओ. के. (ऑल करेक्ट)' आहे. उलगडा येथेही कंसात दिलेला आहे. फरक असा की विषय आता बुचे उडवण्याचा नसून ठेवीदारांच्या पैशाचा आहे, आणि तरीही संपादकाला तो शब्द वापरावासा वाटला.

शब्दाला खरा धक्का दिला तो १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीने. डेमोक्रॅटिक पक्षाचे मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा उभे होते. न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूक हे त्यांचे गाव. त्यांचे पूर्वसुरी अँड्र्यू जॅक्सन यांना 'ओल्ड हिकरी' म्हणत असत, त्या धर्तीवर व्हॅन ब्यूरेन यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हटले गेले. आद्याक्षरे 'ओ. के.'. मार्च १८४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या समर्थकांचा 'ओ. के. क्लब' उभा राहिला आणि महिना संपायच्या आत या क्लबची माणसे 'ओ. के.'च्या आरोळ्या ठोकत व्हिग पक्षाच्या सभेत दंगा करायला घुसली. आमचा उमेदवार 'ओल्ड किंडरहूक' आहे आणि तो 'ऑल करेक्ट' आहे, असा दुहेरी अर्थ दोन अक्षरांत मिळाल्यावर कोणता प्रचारक तो सोडेल?

विरोधकांनीही तो सोडला नाही. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाचे खापर व्हॅन ब्यूरेन यांच्या माथी फुटलेलेच होते. व्हिग पत्रांनी 'ओ. के.'चा अर्थ 'आउट ऑफ कॅश', 'आउट ऑफ क्रेडिट', 'आउट ऑफ कॅरेक्टर' असा लावला, आणि कॅश, क्रेडिट, कॅरेक्टर हे सगळे शब्द अर्थात 'के'ने लिहिले. निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांना २३४ आणि व्हॅन ब्यूरेन यांना ६० निर्वाचक मते पडली. उमेदवार पडला, परंतु एका शहराच्या वृत्तपत्री गमतीतून निघालेली ही अक्षरे त्याच्या प्रचाराने देशभर पोहोचवली होती.

त्याच धुळवडीत आणखी एक गोष्ट घडली आणि तिने पुढच्या संशोधकांना शंभर वर्षे चकवले. न्यूयॉर्कच्या एका विरोधी पत्राने मार्च १८४० मध्ये छापले की 'ओ. के.'चे जनक जॅक्सन आहेत. त्यांना धड लिहिता येत नसल्यामुळे ते मंजूर कागदांवर अशुद्ध स्पेलिंगमध्ये 'ऑल करेक्ट' लिहीत आणि पुढे त्याची नुसती अक्षरे घालू लागले. जॅक्सन यांचे शुद्धलेखन खरोखरच बेताचे होते, त्यामुळे ही कुचेष्टा लोकांना पटली. काळ गेला, विनोदाचा संदर्भ विसरला गेला, आणि राहिला तो 'इतिहास'. १८५९ मध्ये टेनेसी राज्याचे इतिहासकार ए. डब्ल्यू. पटनम यांनी त्याला दस्तऐवजाचा आधारही दिला. १७९० सालच्या सम्नर परगण्याच्या न्यायालयीन नोंदीत एका गुलाम पुरुषाच्या विक्रीखताबाबत जॅक्सन यांच्या नावासह 'ओ. के.' असे लिहिलेले आहे, असे त्यांनी प्रसिद्ध केले. मूळ नोंद पुढे तपासली गेली तेव्हा ती अक्षरे 'ओ. आर.' निघाली, म्हणजे 'ऑर्डर्ड रेकॉर्डेड', नोंद करण्याचा आदेश झाला. त्या न्यायालयाच्या वहीतील हा ठरीव शेरा आहे. घाईत लिहिलेल्या 'आर'च्या तिरप्या पायाचा 'के' दिसणे कठीण नाही. जे सापडावे असे आपल्याला वाटते ते वाचणाऱ्याला तर मुळीच नाही.

हा गुंता सोडवण्याचे श्रेय ॲलन वॉकर रीड (१९०६–२००२) यांचे आहे. ते पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे ओळ न ओळ वाचणे ही त्यांची पद्धत होती. शब्द टंकून क्षणात उतारा काढून देणारी साधने तेव्हा नव्हती. १९४१ मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू'मधील लेखात त्यांनी १८४० चा 'ओ. के. क्लब' पुढे आणला आणि 'ओल्ड किंडरहूक' हाच उगम असल्याचे मांडले. जॅक्सनच्या कथेपेक्षा हा निष्कर्ष कितीतरी भक्कम होता, कारण त्यामागे तारखेसह छापील पुरावा होता. बहुतेक अभ्यासक येथे थांबले असते.

रीड थांबले नाहीत. १९६३ आणि १९६४ या वर्षांत 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात त्यांनी लेखांची मालिका प्रसिद्ध केली आणि तीत शब्दाचा माग १८३९ पर्यंत मागे नेला. त्यामुळे स्वतःच्याच आधीच्या निष्कर्षाची जागा बदलली: 'ओल्ड किंडरहूक' हा उगम उरला नाही, तो प्रसाराचा टप्पा ठरला. या मालिकेचे बळ एकट्या जुन्या तारखेत आहे असे मला वाटत नाही. २३ मार्चचे ते एक वाक्य सुटे सापडले असते तर त्यावरही शंका घेता आली असती. रीड यांनी त्याच्याभोवतीची सगळी वस्ती दाखवली: आधीच्या वर्षातील संक्षेप, मुद्दाम अशुद्ध स्पेलिंगचे नमुने, नंतरच्या महिन्यांतील वापर, बॉस्टनहून न्यूयॉर्ककडे झालेला प्रवास. 'ओ. डब्ल्यू.' हे त्यातले सर्वांत बोलके साक्षीदार आहे, कारण त्यामुळे 'ओ. के.'चे चमत्कारिक स्पेलिंग एकटे पडत नाही.

याच कसोटीवर प्रतिस्पर्धी दावे तपासता येतात. ग्रीक भाषेत 'ओला काला' म्हणजे सगळे छान. स्कॉटिश बोलीत 'ऑख आय'. फिनिश भाषेत बरोबर या अर्थी 'ओइकेआ'. हैतीच्या ज्या बंदरातून उत्तम रम येत असे त्याचे फ्रेंच नाव 'ओ काय'. यादी आणखी वाढवता येईल. दोन लहान अक्षरांशी जुळणारा आणि 'बरे', 'हो' असा काही अर्थ देणारा शब्दप्रयोग शोधायला निघाले तर जगातील शेकडो भाषांत कोठे ना कोठे तो मिळणारच. मिळाला नसता तर नवल. यांतील एकाही दाव्यामागे, त्या भाषेतील शब्द अमुक लोकांच्या तोंडून अमुक काळात अमेरिकन इंग्रजीत आला, हे दाखवणारा दुवा नाही.

दोन दाव्यांना मात्र एका वाक्यात वाटेला लावणे योग्य नाही. चॉक्टॉ या मूळनिवासी अमेरिकन जमातीच्या भाषेत 'ओकेह' म्हणजे 'असे आहे'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आलेली ही व्युत्पत्ती बराच काळ कोशांत मान्यता पावली. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन हे स्वतः प्राध्यापक. मंजुरी देताना ते कागदावर 'ओकेह' हेच स्पेलिंग लिहीत, कारण तेच मूळ रूप असे त्यांचे मत होते. १९१८ मध्ये ऑटो हाइनमन यांनी काढलेल्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या छापाचे नावही 'ओकेह' असेच होते, त्यात त्यांची आद्याक्षरेही बसत होती. अध्यक्षांचा शेरा आणि रेकॉर्डवरचे लेबल यांनी या व्युत्पत्तीला प्रतिष्ठा मिळाली, पुरावा मात्र मिळाला नाही. बॉस्टनच्या संपादकांनी हा शब्द चॉक्टॉ भाषेतून घेतल्याची खूण कोठेच नाही.

दुसरा दावा पश्चिम आफ्रिकेचा. डेव्हिड डॅल्बी यांनी १९६९ मध्ये मांडले की वोलोफ आणि शेजारच्या भाषांत होकार दर्शवणाऱ्या 'वाव के'सारख्या रूपांतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी हा शब्द अमेरिकेत नेला असावा. या मांडणीमागचा आक्षेप रास्त आहे. गुलामांच्या बोलण्याची नोंद ठेवणारे लोक थोडे होते आणि त्यांचे ऋण मान्य करणारे त्याहून थोडे. भेंडीला अमेरिकेत 'ओक्रा' म्हणतात तो शब्द पश्चिम आफ्रिकेतूनच आला आहे. तरीही १७८४ मधील एका प्रवासवर्णनात गुलामाच्या तोंडी आलेला 'के' हा बहुधा नुसता उद्गार आहे, त्यातून 'ओके'पर्यंतचा रस्ता दिसत नाही. आणि १८३९ चा लेखक अक्षरांमध्ये टिंबे का देतो व 'ऑल करेक्ट' असा उलगडा का करतो, याचे उत्तर या दाव्याकडे नाही.

अशा कथांची हौस एकट्या अमेरिकेलाच आहे असे नाही. आपल्याकडील ट्रकच्या मागे रंगवलेल्या 'हॉर्न ओके प्लीज'मधील 'ओके' कोठून आले, याचेही असेच खुलासे ऐकायला मिळतात. कोणी सांगते की दुसऱ्या महायुद्धात डिझेलच्या टंचाईमुळे ट्रक रॉकेलवर चालत, म्हणून 'ऑन केरोसीन' असा इशारा लिहीत. कोणी सांगते की ती टाटांच्या 'ओके' साबणाची जाहिरात होती. दोन्ही कथा ऐकायला झकास आहेत. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये व्यापारी वाहनांवर ही ओळ लिहिण्यास मनाई केली ती मात्र व्युत्पत्तीच्या वादातून नव्हे. मागच्यांना भोंगा वाजवायला प्रोत्साहन मिळते, म्हणून.

आता उरतो तो मुख्य प्रश्न: भावंडे मेली, मग हेच का जगले? निवडणूक हे त्याचे अर्धे उत्तर आहे. निवडणुकीच्या घोषणा निकालानंतर विरतात, त्यामुळे उरलेले अर्धे अन्यत्र शोधावे लागते, आणि ते मला कचेरीत व तारघरात सापडते. जॅक्सनची कथा खोटी असली तरी कागदावर दोन अक्षरे लिहून मंजुरी देण्याची कल्पना तिने लोकांना सुचवली, आणि मालाच्या पावत्या व हिशेब तपासणाऱ्यांना असे चिन्ह हवेच होते. १८४४ नंतर तारायंत्राचे जाळे पसरले, त्यावर रेल्वेचे वेळापत्रक चालू लागले, आणि संदेश नीट मिळाल्याची पोच देण्यासाठी तारमास्तर 'ओ. के.' पाठवू लागले. अमेरिकेत तेव्हा चालणाऱ्या मूळ मोर्स लिपीत 'ओ' म्हणजे थोडे अंतर ठेवून दोन बिंदू, आणि 'के' म्हणजे रेघ, बिंदू, रेघ. पाच ठोक्यांत काम होत असे. एकाच मार्गावर समोरासमोर गाड्या सोडण्याचा धोका असलेल्या खात्यात हे पाच ठोके न आल्यास संदेश पोहोचलाच नाही असे धरणे भाग होते. थट्टेतला शब्द अशा जबाबदारीच्या जागी बसल्यावर त्याचे मूळ कोणी विचारीना.

साहित्याने मात्र त्याला बराच काळ उंबरठ्यावर ठेवले. लुईसा मे ऑल्कट यांच्या 'लिटल विमेन' या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत एमीच्या पत्रात 'ओ. के.' आले होते. १८८० च्या सुधारित आवृत्तीत ते काढून तेथे 'सुखावह' अशा अर्थाचा सभ्य शब्द घातला गेला.

अर्थाच्या बाजूनेही या शब्दात एक सोय आहे. तो स्तुती करीत नाही. काम उत्तम झाले की जेमतेम झाले, हे न सांगता ते स्वीकारले एवढेच तो सांगतो. मराठीत 'ठीक' या शब्दाकडे हा स्वभाव होताच, तरी 'ओके' आपल्याकडे 'करणे'चा हात धरून आले: साहेब फाइल ओके करतात, गाडी ओके असते, आणि सिनेमा 'ओके ओके' असला तर तिकिटाचे पैसे फारसे वसूल झालेले नसतात. इंग्रजीतही नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण आणि उद्गार अशी सगळी कामे हा शब्द करतो, रूप न बदलता.

विसाव्या शतकात तो जेथे यंत्र आणि माणूस एकमेकांना खात्री देतात तेथे पुनःपुन्हा दिसतो. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड अंतराळात जाऊन आले, तेव्हा नासाचे माहिती अधिकारी जॉन पॉवर्स यांनी 'ए-ओके' हा शब्द त्यांच्या नावावर वार्ताहरांना सांगितला. संभाषणाच्या लेखी नोंदीत शेपर्ड यांनी तो उच्चारलेला नाही. येथेही एक खोटे जनकत्व चिकटले. २० जुलै १९६९ रोजी चांद्रयानाच्या पायाची दांडी चंद्राला टेकली आणि बझ ऑल्ड्रिन म्हणाले, 'काँटॅक्ट लाइट', आणि पाठोपाठ 'ओके, इंजिन स्टॉप'.

ॲपल कंपनी 'लिसा' हा संगणक तयार करीत होती तेव्हा पडद्यावरील होकाराच्या बटणावर प्रथम 'डू इट' असे लिहिलेले होते. चाचणीसाठी बसवलेल्या लोकांपैकी काहींना ते दोन शब्द जोडून दिसले आणि मधला मोठा 'आय' छोट्या 'एल'सारखा वाटला. परिणामी त्यांनी 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, असे वाचले, आणि हे यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते आहे असे एकाने वैतागून विचारलेही. बटणावरचे शब्द बदलून तेथे 'ओके' घालण्यात आले आणि १९८३ मध्ये लिसा त्याच बटणासह बाजारात आला.